कापसाच्या खोलीतलं चाक

घाटंजीपासून दोन कोसांवरच्या तांड्यात गेल्या नऊ वर्षांत जेवढे नवरदेव झाले, ते सगळे उत्तमसिंगच्या गाडीतून गेले. गाडी नागपूरहून जुनी, कोणाची तरी वापरलेली घेतलेली, पण तांड्यातली पहिली चारचाकी, आणि तिला अलॉयची चाकं. नवरदेवाची गाडी नवरीच्या दारात थांबली की आधी गाडीवाल्याला टिळा, मग खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी, हातात नारळ. ते टॉवेल उत्तमसिंगनं कधी अंगाला लावले नाहीत. पेटीत घडी करून ठेवले होते आणि आल्यागेल्याला तो ते काढून दाखवायचा. एरवी माणूस साधा. शेती पाहावी, कोणी आजारी पडलं तर यवतमाळला पोचवावं, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

संक्रांतीला त्याचा धाकटा चुलतभाऊ हरिसिंग नवी गाडी घेऊन आला, आणि उत्तमसिंगच्या पोटात दुखायला लागलं.

सगळ्यात जास्त दुखलं ते चाकांवरून. हरिसिंगची चाकं आरशासारखी. याच्या चाकांच्या कडा खरवडलेल्या, रंगाचे पोपडे सुटलेले, ब्रेकची काळी धूळ बसून बसून डाग पडलेले. नऊ वर्षं त्याला ही चाकं दिसलीच नव्हती, आता दुसरं काही दिसेना. त्यात तांड्याचा प्रमुख उकंडा नायक याच्या पोराचं, ओमचं लग्न एप्रिलात ठरलं, आणि नवरदेव कोणाच्या गाडीत बसणार याबद्दल नायक अवाक्षर काढत नव्हता.

यवतमाळच्या दुकानदारानं चार चाकांच्या कामाचा आकडा सांगितला तेव्हा उत्तमसिंग पुढ्यातला चहा तसाच टाकून उठला. मग मोबाइलवर पाहून पाहून त्यानं स्वतःच सामान आणलं: जाडेबारीक पॉलिश पेपर, पुट्टीची डबी, प्रायमर, रुपेरी रंगाचे स्प्रे आणि वरून मारायची चमक. गाडी दगडांवर चढवून चाकं काढली. कपड्याच्या साबणानं धुतली, जुन्या टूथब्रशनं फटी कोरल्या, खरवडलेल्या कडा पुट्टीनं भरल्या आणि ओल्या पेपरनं दिवसदिवस घासत बसला. टायरवर रंग उडू नये म्हणून टायर आणि कडेच्या फटीत पत्ते खोचले, एकाला एक लागून, गोल. कडुनिंबाखाली तो आणि हरिसिंग दुपारी खेळायचे तेच हे पत्ते. खेळ संक्रांतीपासून बंद होता.

"तुमी चाक घासून राह्यले का हरिसिंगले?" त्याच्या बायकोनं, पुष्पानं, एकदा विचारलं.

"तू तुह्यं काम पाय," तो म्हणाला आणि आणखी जोरात घासू लागला.

रंग मारायच्या दिवशी नेमक्या बाहेर वावटळी उठल्या. धूळ बसू नये आणि हरिसिंगची नजरही पडू नये, म्हणून यानं डोकं लढवलं आणि चाकं कापसाच्या खोलीत नेली. भाव चढेल म्हणून राखलेला कापूस तिथं छताला टेकला होता. दार लावून, नाकाला रुमाल बांधून त्यानं चारही चाकं रंगवली. सकाळी पाहतो तर चाकांना पांढरी लव फुटलेली. खोलीत उडणारा कापसाचा तंतू न् तंतू ओल्या रंगात रुतून बसला होता. तांडा आठ दिवस हसला, आणि सगळ्यात मोठ्यानं हरिसिंग. "भिया, चाकं हायेत का ससे?"

उत्तमसिंगच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं सगळं पुन्हा घासलं. गोठा रिकामा केला, पाणी शिंपून धूळ दाबली आणि सकाळच्या पडलेल्या वाऱ्यात पातळ पातळ हात मारले. या वेळी चाकं अशी निघाली की पुष्पाही भांडी टाकून पाहायला आली.

वरातीला दोन दिवस उरले असताना हरिसिंग एक चाक घेऊन दारात उभा. बाजाराच्या गर्दीत पुलाच्या कठड्याला घासून त्याची एक कड पार खरवडली होती.

"भिया, एवढं करून दे. वरातीत खराब दिसते. तुह्या हाताले आता सफाई आली."

"ठेव तिथं," उत्तमसिंग म्हणाला. त्याला इतका आनंद झाला होता की तो लपवायला खोकावं लागलं.

काम मात्र त्यानं मन लावून केलं. पुट्टी अशी बसवली की बोटाला कळू नये. शेवटचा हात तेवढा राहिला. समोर गोठा रिकामा होता, नुकताच शिंपलेला. उत्तमसिंग चाक उचलून कापसाच्या खोलीत गेला. रंग मारून झाल्यावर त्यानं टेबलफॅनही लावला. लवकर वाळावं म्हणून, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

सकाळी हरिसिंगनं चाकावरून बोट फिरवलं. एकदा कापसाच्या खोलीकडं पाहिलं, एकदा गोठ्याकडं.

"हवा होती," उत्तमसिंग म्हणाला.

"असंन," म्हणत हरिसिंगनं चाक उचललं आणि चालता झाला. भांडणासाठी जुळवून ठेवलेले सगळे शब्द उत्तमसिंगच्या तोंडातच राहिले.

संध्याकाळी उकंडा नायक आला. "उत्तम, गाडी सजव. ओम तुह्या गाडीत बसन."

"हरिसिंगची नवी हाय न."

"त्याले साखरपुड्यालेच विचारलं होतं. तो म्हणे, नवरदेव भियाच्याच गाडीत जाते, मी मांगून म्हाताऱ्या आणतो. तुले बोलला नाही का?"

नाही बोलला. बोलणार तरी कधी? कडुनिंबाखाली बसणंच उत्तमसिंगनं सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी झेंडूच्या माळा लावलेली गाडी पुढं, हरिसिंगची मागं. नवरीच्या तांड्यात गाडी थांबली आणि टिळा, टॉवेल, टोपी, नारळ, सगळं झालं. लोक त्याच्या चाकांकडं बोट दाखवत होते. तीन महिने ज्यासाठी जिवाचं रान केलं ते समोर होतं, आणि उत्तमसिंगची नजर मागच्या गाडीवरून हटत नव्हती.

त्या गाडीतून म्हातारी तानाबाई उतरली आणि वाकून पाहू लागली. "काहून रे हरिसिंग, नव्या गाडीच्या चाकाले पिकले केस आले?"

भोवतालचे हसले. हरिसिंगही हसला. "मीच रंगवलं, याडी. भिया सांगून राह्यलता, कापसाच्या खोलीत करू नको म्हणून. म्या ऐकलं नाही."

हे बोलताना त्यानं उत्तमसिंगकडं पाहिलं नाही.

उत्तमसिंगनं खांद्यावरचा नवा टॉवेल काढला, टाकीच्या नळाखाली भिजवला आणि त्या चाकापाशी उकिडवा बसून पुसायला लागला. रंग वाळला होता. तंतू निघत नव्हते. तरी तो पुसत राहिला.

"राहू दे भिया," हरिसिंग म्हणाला, "पंगत बसली."