बाबांच्या घरचा गॅस

आई पुण्याला निघाली तेव्हा शेलूबाजारच्या आमच्या घरात एक भरलेलं आणि एक अर्धं सिलेंडर होतं. मला हे पक्कं आठवतं, कारण तिने ते मला दोनदा सांगितलं. भावाला मुलगी झाली होती, वहिनीला आई नव्हती, म्हणून आई तीन महिन्यांसाठी चालली होती.

"दीड सिलेंडर हाये," पिशवीची चेन लावता लावता ती म्हणाली. "तुह्या बाबाले च्याचं आधण ठेवता येत नाही. मी वापस येईपर्यंत ते तसंच राहीन पाय."

बाबांनी ऐकलं आणि तिची पिशवी उचलून दारात नेली. त्यांनी तीस वर्षं एसटी चालवली. बाहेर असले की डेपोच्या कँटीनमध्ये जेवायचे, घरी असले की आईच्या हातचं. स्वयंपाकघरात ते फक्त पाणी प्यायला जात. आई नसताना हायवेवरच्या खानावळीतून दोन वेळचा डबा आणायचा, असं ठरलं होतं.

मी मंगरूळपीरला शाळेत शिकवते आणि तिथेच राहते. बाबांचा फोन बटनांचा, म्हणून त्यांच्या गॅसला माझा नंबर जोडलेला. सिलेंडरचा नंबर मीच लावायचा, पैसे मीच फोनवरून भरायचे, आणि गाडीवाला दारात आला की माझ्या फोनवर आलेला कोड त्याला सांगायचा. आई-बाबा दोघांना एक सिलेंडर दोन महिने पुरायचं. त्यामुळे आई गेल्यावर महिन्याभरात बाबांचा फोन आला, "बाई, गॅसचा नंबर लाव," तेव्हा मला वाटलं, अर्धं संपलं असेल. लावला. पुढे अठराव्या दिवशी पुन्हा फोन. मी वर्गात होते, घाईत लावून टाकला. त्यानंतर पुरते तीन आठवडेही झाले नसतील, पुन्हा तेच.

"बाबा, एकटा माणूस तुमी. डबा बाहेरून येते. गॅस जाते कुठी?"

"आंघोळीचं पाणी तापवतो ना वं. थंडी पाह्यली का तू?"

थंडी होती हे खरं. पण एवढं पाणी तापवायला बाबा काही हत्ती धूत नव्हते. रात्री फोनवर सगळ्या पावत्या काढून तारखा मोजल्या. मला पैशांपेक्षा भीती दुसरीच होती. गॅस गळत असेल तर? घरात एकटा म्हातारा माणूस, सर्दीने नाक चोंदलेलं.

रविवारी सकाळच्या पहिल्या बसने मी शेलूबाजार गाठलं. वाटीत साबणाचं पाणी केलं आणि रेग्युलेटर, नळी, शेगडीचे कॉक, सगळीकडे बोटाने लावत बसले. बाबा दारात उभे राहून पाहत होते. एकही बुडबुडा आला नाही. तरी मी नवी नळी आणून बसवली. ओट्यावर चार ताटं धुऊन पालथी घातलेली होती. मी ती पाहिली, पण तेव्हा माझं सगळं लक्ष नळीत होतं.

मग दुसरा संशय. सिलेंडरच कमी भरलेलं देत असतील. मी एजन्सीत फोन करून सांगितलं की पुढचं सिलेंडर माझ्यासमोर वजन केल्याशिवाय घेणार नाही. ते येणार होतं त्या दिवशी शाळा सुटताच मी शेलूबाजारला पोचले. गाडीवाला पोरगेला नव्हता, चांगला पन्नाशीचा माणूस, बरीच वर्षं हाच फेरा करणारा. त्याने गाडीतून काटा काढला आणि सिलेंडर त्याला टांगलं. टाकीवर रिकाम्याचं वजन लिहिलेलं असतं, ते वजा केलं. माप तंतोतंत होतं.

त्याला माझा राग आला होता. काटा गाडीत ठेवत तो म्हणाला, "मॅडम, माप बरोबर हाये ना? मंग आमच्यावर काहून शक करता? रोज चार-चार माणसाचा सैपाक होईन तं गॅस जाईन नाही तं काय?"

बाबांना एकदम खोकल्याची उबळ आली.

"कोन चार माणसं?" मी विचारलं.

गाडीवाल्याने बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग रिकामं सिलेंडर खांद्यावर टाकलं आणि चालू लागला. "मले काय माहीत, मॅडम," एवढंच जाता जाता म्हणाला. बाबा म्हणाले, "त्याले बोलाची सवयच हाये. तू जाय, बस निघून जाईन."

बसमध्ये मी नाना तर्क केले. कुणा चहाच्या टपरीवाल्याला गॅस देताहेत का? कुणी घरात येऊन राहिलं का? खोटं कशाला सांगू, एकदा मनात नको तेही येऊन गेलं आणि मीच माझ्यावर हसले. दोन दिवसांनी शाळेला स्थानिक सुट्टी होती. कुणाला न सांगता मी साडेदहाला घरी धडकले.

दार उघडंच होतं. दाराशी चपलांचे चार जोड. आतून फोडणीचा ठसका आणि चार माणसांचं एकदम बोलणं.

स्वयंपाकघरात बाजारपेठेतले शिंपीकाका पाटावर बसून सांबार, म्हणजे कोथिंबीर, कापत होते, त्यांच्या कपडे बेतायच्या मोठ्या कात्रीने. समोरच्या घरचे शेतकरी काका परातीत ज्वारीची भाकर थापत होते. तिचा आकार कुठल्याशा तालुक्याच्या नकाशासारखा झाला होता. खिडकीपाशी लसूण सोलत चाचा बसले होते, बाबांच्या गाडीवरचे कंडक्टर. त्या दोघांनी सतरा वर्षं एकाच गाडीवर ड्यूटी केली होती. आणि शेगडीपाशी, कमरेला आईचा जुना टॉवेल गुंडाळून, बाबा वरण ढवळत होते.

मला पाहताच बाबांनी हातातला पळा पाठीमागे लपवला.

"काहून आली वं अशी अचानक?"

पळ्यातून वरण फरशीवर गळत होतं. मी काही बोलायच्या आत चाचाच उठले. "बेटा, त्याले काही म्हणू नको. ये सब मेरे वजेसे हुआ."

बाबा म्हणाले, "तू चूप बस बे." पण मग त्यांनीच सांगितलं.

आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी बाबा संध्याकाळी चाचांकडे गेले होते. चाची जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगे नागपूर आणि हैदराबादला. बाबा गेले तेव्हा चाचा चहात टोस्ट बुडवून खात होते. बाबांना वाटलं, संध्याकाळचा चहा. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले, तरी तेच. तेव्हा कळलं की तो चहा नव्हता, ते जेवण होतं. कधी टोस्ट, कधी बिस्कीट, फारच झालं तर केळं. दोन वर्षं. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

"खानावळीचा डबा मी याले नेऊन दिला दोन दिवस," बाबा म्हणाले. "पन ते तिखट याले झेपे ना अन् मलेही जळजळ होये. मंग म्हटलं, चाल, आपुनच करू. होऊन होऊन काय होईन, जळीन." पहिले चार दिवस खरंच जळलं. पाचव्या दिवशी वास कुठून येतो ते पाहायला समोरचे काका आले आणि थांबले. त्यांच्या मागून शिंपीकाका.

"पन मले सांगाचं ना, बाबा!"

"तुले सांगतलं असतं तं तुह्या मायले समजलं असतं."

मी शेगडीकडे पाहिलं. मोठ्या बर्नरवर पातेल्यात तुरीचं वरण, बाजूच्या बर्नरवर हरभऱ्याची उसळ. "हे कधीपासून चढवलं?"

"आठ वाजताचं," शिंपीकाका म्हणाले. "माह्या तोंडात चारच दात हायेत, बाई. मऊ शिजलं तं जमते."

साडेदहा वाजले होते. रोज अडीच-तीन तास, दोन्ही बर्नर, वर भाकरीला तासभर तवा. माझी गळतीही सापडली आणि मापही.

"अन् कुकर?"

शेतकरी काकांनी बाबांकडे बोट दाखवलं.

मी लहान असताना एकदा आमच्या कुकरचा वॉल्व्ह उडाला होता आणि सगळं वरण छताला लागलं होतं. बाबा तेव्हा पाणी प्यायला आत आले होते. तेव्हापासून आईने कुकर लावला की बाबा अंगणात जायचे. आम्हाला वाटायचं, त्यांना अंगण आवडतं. घाटात ब्रेक कमी लागत असताना पन्नास माणसं सुखरूप खाली आणलेला हा माणूस शिटीला भीत होता, आणि आईच्या माघारी त्याने कुकर वरच्या फळीवर, मागे, डब्यांच्या आड ठेवून दिला होता.

मी कुकर खाली काढला, नवी रिंग आणायला शिंपीकाकांना पिटाळलं आणि त्या दुपारी चार म्हाताऱ्यांची शिकवणी घेतली. पाणी किती, झाकण कसं, शिटी बसली की नाही कसं पाहायचं. पहिल्या शिटीला बाबा अंगणात गेले. दुसऱ्या शिटीला दारात होते. चाचा मात्र हात मागे बांधून कुकरसमोर उभे राहिले. "मेरा काम है ये," ते म्हणाले. "जिंदगीभर घंटीच वाजवली. ड्रायव्हरले कायचं समजते?" तिसऱ्या शिटीला त्यांनी "थांबा!" असं अस्सल कंडक्टरी आवाजात ओरडून गॅस बंद केला. वरण वीस मिनिटांत लोण्यासारखं शिजलं होतं. शिंपीकाकांनी चमच्याने चाखून पाहिलं आणि म्हणाले, "आपुन दोन महिने येडेच होतो, गड्याहो."

मी आईला काही न सांगण्याचं कबूल करून जेवून परतले. वरणात मीठ कमी होतं, पण तसं वरण मी बऱ्याच दिवसांत खाल्लं नव्हतं.

आई फेब्रुवारीच्या शेवटी आली. मी तिला घ्यायला गेले होते, तो शनिवार होता, म्हणून मुक्कामी राहिले. बाबा सांगतो सांगतो म्हणत रात्री झोपून गेले. सकाळी साडेनऊला शिंपीकाका मेथीच्या दोन जुड्या घेऊन दारात उभे. आईला पाहून जागच्या जागी थिजले.

"काय पाह्यजे होतं, भाऊ?"

"काही नाही वयनी. मेथी... मेथी निवडाची होती."

आई वळून सरळ स्वयंपाकघरात गेली. रात्री थकव्यात तिच्या लक्षात आलं नव्हतं. हळदीचा डबा खाली आला होता, तिखट वर गेलं होतं, कुकर ओट्यावर चकचकीत घासून ठेवलेला. बाबा तिच्या मागोमाग गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. चाचांचा टोस्ट, सिलेंडरं, सगळं. मला वाटलं, ती हसेल.

ती हसली नाही. ओट्याला टेकून उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "मले टायफाइड झाला होता तवा मी तापात उठून भाकरी टाकल्या. तुमी एक कप च्या नाही केला कधी. अन् दोस्ताले रोज जेवू घातलं."

मी खाली पाहत राहिले, कारण त्या तापात भाकरी खाणाऱ्यांत मीही होते.

"मले येत नव्हतं," शेवटी बाबा म्हणाले.

"येत कोनालेच नसते. शिका लागते."

"होय," बाबा म्हणाले. "चुकलंच माह्यं." माझ्या आठवणीत त्यांनी आईला असं म्हटलेलं हे पहिल्यांदाच. मग त्यांनी कमरेला टॉवेल बांधला. "तू तिकडं बस. आज तू काही करू नको."

आई बाहेरच्या खोलीत बाजेवर जाऊन बसली. तोवर चाचा आणि शेतकरी काकाही येऊन ओसरीवर चोरासारखे उभे होते. तिनेच त्यांना आत जा म्हणून खुणावलं. तासाभराने बाबांनी ताट आणून तिच्यासमोर ठेवलं. मेथीची भाजी, वरण, कांदा, आणि एक भाकर, जवळजवळ गोल. चौघंही दारात दाटीवाटीने उभे राहून निकालाची वाट पाहत होते.

आईने एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. "मिठाचा हात लहान हाये तुमचा," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, ताटावरून नजर न उचलता, "आनखी एक भाकर हाये का?"

बाबा भाकर आणायला इतक्या घाईने वळले की चाचांना धडकले.

आता मंगळवारी आणि शनिवारी स्वयंपाक त्या चौघांचा असतो. बाकीचे दिवस आईचा, आणि चाचा दोन्ही वेळा आमच्याच घरी जेवतात. आईने ते त्यांना विचारलं नाही, सांगितलं. कुकरमुळे एक सिलेंडर महिना-सव्वा महिना चालतं. शेतकरी काका आणि शिंपीकाका आपापल्या घरीही अधूनमधून ओट्यापाशी दिसतात, असं त्यांच्या सुना मला बाजारात सांगतात, थोड्या तक्रारीने आणि थोड्या कौतुकाने.

मागच्या महिन्यात आई जऊळक्याला मावशीकडे गेली. सगळा जन्म ती बहिणीकडे दोन रात्रींच्या वर राहिली नव्हती, घरी बाबांच्या जेवणाचं काय होईल म्हणून. या वेळी आठ दिवस राहिली. मी तिला गाडीत बसवून दिलं तेव्हा तिने घराबद्दल एक शब्दही काढला नाही. खिडकीची जागा मिळाली, म्हणून खूश होती.