चढ संपतो तिथलं बाकडं

आधीच सांगून टाकतो, चूक माझी. बायकोची त्यात रत्तीभरही नाही.

अमरावतीला छत्री तलावाच्या पुढे रस्ता चढायला लागतो आणि चढ संपतो तिथे एका मावशीची चहाची टपरी आहे. दर रविवारी आम्ही दोघं नवरा-बायको सायकलनं तिथवर जायचो. बायको तेल्हाऱ्याकडची, शेतात वाढलेली, पण सायकल शिकली ती पन्नाशीत. गल्ली हसली, ही दोनदा नालीत पडली, तरी सोडली नाही. सकाळी हेल्मेट घालून निघाली की तिचा रुबाब काय सांगू!

मग माझा गुडघा कुरकुरायला लागला आणि पोरानं मला बॅटरीची सायकल घेऊन दिली. जाड टायरांची, डोंगरावर चालणारी. पायडल नुसतं दाबायचं, बाकी काम तिचं. मी सुसाट वर पोचायचो, बाकड्यावर बसायचो, चहा प्यायचो, मावशीशी गप्पा हाणायचो. बायको तिची साधी सायकल रेटत, लालबुंद होऊन वर आली की मी उठायचो. "चाल वं, निघू. ऊन तापते." अशी दोन वर्षं गेली. गुडघा सहा महिन्यांतच बरा झाला होता. पण सुखाची सवय लागली, कोणाला बोललो नाही.

दिवाळीनंतर अकोल्याला साळ्याकडे जेवायला गेलो, जठारपेठेत. सायकलचा विषय निघाला आणि मी शहाणा भरल्या पंगतीत बोलून गेलो, "तुमच्या बहिणीत दमच नाही, राजेहो! हिची वाट पाहता पाहता माझे दोन चहा होतात." सगळे हसले. तीही हसली. पुढच्या रविवारी म्हणाली, "तुमी जा. मले नाई जमत." जिन्याखाली तिच्या सायकलवर जुनी चादर पडली.

मला वाईट वाटलं असेल? छे! मी एकटा जाऊ लागलो.

एका शनिवारी बॅटरी बिघडली. दुकानदार म्हणाला, आठ-दहा दिवस लागतील. रविवार चुकवायचा नव्हता, म्हणून मी बायकोच्या सायकलवरची चादर काढली. अरे बाप्पा! अर्ध्या चढातच मांड्या भरून आल्या, तोंडाला कोरड पडली. दोनदा उतरलो. वर पोचलो तो बाकड्यावर आडवाच झालो. मावशीनं पाणी दिलं, ते घटाघटा प्यायलो.

"सर, बाई काहून नाई येऊन राहिल्या?" तिनं विचारलं.

"तिले नाही जमत आता."

"जमंन कसं? तुमी त्याइले कधी बसूच देल्लं नाई. त्या आल्या का तुमी उठले. एक डाव त्याइच्यासाठी चहा गाळला मी, तं तो तसाच राह्यला."

मी दर वेळी आराम करून निघायचो आणि ती बिनआरामाची. वरून दम तिच्यात नव्हता म्हणे! इतकी लाज वाटली की मावशीकडे बघवेना.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, गुडघ्याचंही. ती भाजी निवडत होती. "दिसून राह्यलं होतं मले," एवढंच म्हणाली. साळ्यालाही फोन करून सांगितलं, त्या दिवशी मी चुकीचं बोललो. बॅटरीची सायकल पोराकडे धाडली आणि स्वतःसाठी साधी घेतली. तरी महिनाभर ती आली नाही. मीही आग्रह केला नाही, कोणत्या तोंडानं करणार?

मग एका रविवारी मी टायरात हवा भरत होतो, तर ही हेल्मेट घालून जिन्याखाली हजर.

चढावर ती पुढे गेली. गेलीच. मी धापा टाकत पोचलो तेव्हा तिचा चहा पिऊन झाला होता. मला पाहताच ती उठली, हेल्मेटचा पट्टा लावला आणि थेट माझ्या आवाजात म्हणाली, "चाला, निघू. ऊन तापते."

मी सायकल वळवली. तिनं माझ्या सायकलचं हँडल धरलं.

"बसा," ती म्हणाली. "मले माईत आहे कसं लागते ते."