नवमीच्या पानातला चीजचा सॉस

लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी माझ्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी चांदीचा एक छोटा पत्रा बांधला. त्यावर बाईची आकृती उठवलेली होती. माझ्या नवऱ्याची पहिली बायको वर्षापूर्वी तापानं गेली होती, आणि हा तिचा, म्हणजे सवतीचा टाक. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. कुंकू आधी तिला, मग आपल्याला. नाहीतर गेलेली त्रास देते, असं आमच्याकडे मानतात. मी मानते का, हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगायला गेले नाही. टाकाचं ओझं असं काही नव्हतं. स्वयंपाकाला वाकलं की तो पातेल्याच्या काठावर टिचकन वाजायचा, तेवढंच.

नवरा कळंबजवळच्या साखर कारखान्यात फिटर होता. वसाहतीत दोन खोल्या होत्या. पहिल्या बायकोची लहान मुलगी होती आणि तिच्यासाठीच मला आणलेलं होतं. पण ती माझ्याशी बोलायची नाही. माझ्यासमोर उभी राहायची, नजर माझ्या गळ्यावर लावायची आणि टाकाला सांगायची, "आई, मला भूक न्हाय."

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा तव्यावरची भाकरी करपली.

मुलगी खरोखरच खात नव्हती. माझं माहेर पणदऱ्याचं, घरात म्हशी, म्हणून साय, लोणी, खरवस सगळं करून पाहिलं. ताट तसंच परत यायचं. भाद्रपदात तिची सांगवीची आजी, आईची आई, येऊन तिचं मनगट चाचपून गेली. जाताना म्हणाली, "नवमीपातूर वाट बघते. पोर अशीच वाळत राहिली तर घेऊन जाईन. हितं ठिवून काय उपेग?"

ती गेल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "पोरगीच गेली तर तुझं हितं काय काम, त्याचा इचार कर."

बोलणं कडू होतं, पण हिशेब बरोबर होता. मुलगी राहिली तर मी राहणार.

पितृपंधरवड्यातल्या नवमीला, नवरा हयात असताना गेलेल्या बाईचं पान वाढतात. ते सवतीनंच रांधायचं, तिच्या आवडीचं. मी विचारलं, "काय आवडायचं त्यांना?"

सासूबाईंनी नाक मुरडलं. "ते पिवळं. साहेबाच्या बंगल्यावरचं."

ती कारखान्याच्या इंजिनियरसाहेबांकडे स्वयंपाकाला जायची, तिथं चीजचा सॉस शिकली होती. कधी चीजचा तुकडा मिळाला की घरी वातीच्या स्टोव्हवर सॉस करायची, उकडलेल्या बटाट्यांवर ओतायची आणि मायलेकी एका ताटात जेवायच्या. ती गेल्यापासून तो या घरात झाला नव्हता.

मी बंगल्यावर गेले. साहेबांच्या बाईंनी डब्यातल्या चीजचा तुकडा आणि थोडा मैदा पुडीत बांधून दिला. "लोण्यात मैदा परतायचा, दूध घालायचं, शेवटी चीज. सोपं आहे." मग माझ्या गळ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "फार छान करायची." त्या घरात काय, बंगल्यावर काय, सगळे माझ्या गळ्याशीच बोलत.

घरी सासूबाईंना वेगळी चिंता. "डब्यातलं निवदाला चालंल का गं?"

"दूधच हाय त्ये, आत्याबाई."

"गाईचं का म्हशीचं?"

"साहेबाचं," नवरा पायात चपला सरकवत म्हणाला आणि पाळीला गेला.

नवमीला सकाळी न्हाऊन स्टोव्ह पेटवला. पहिल्यांदा हाताला पिठल्याची सवय नडली. दूध उकळून वरून मैदा सोडला, तर गुठळ्याच गुठळ्या. ते शेजारच्या शेळीला घातलं. दुसऱ्यांदा लोण्यात मैदा परतायला घेतला. आमच्याकडे पीठ खमंग भाजल्याशिवाय कोणी चुलीवरून उतरवत नाही. लाडवासारखा वास सुटला आणि मला बरं वाटलं. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"आई, तिला सांग, लाल न्हाय करायचं."

मुलगी उंबऱ्यावर उभी होती. मी पातेलं पाहिलं. करपायला आलं होतं. ते बाजूला सारलं. आता उरलेला मैदा एकदाच पुरणार होता. तो ताज्या लोण्यात टाकला.

"आई, तिला सांग, वास बदलला की बास."

वात खाली केली. वास बदलला.

"दूध दमानं. थोडं थोडं."

मी थोडं थोडं घातलं. ती सांगत सांगत पुढं आली, माझ्या कोपराशी उभी राहिली. टाक पातेल्याला टिचकन लागला.

"आता खाली उतरव म्हण. मग चीज."

खाली उतरवून चीज किसून घातलं. ते निमूट विरघळलं. चमच्यावरून सॉस सलग धारेनं पडत होता, कुठं गाठ नाही. बटाट्यांवर ओतला, पान वाढलं. नैवेद्याची चव आधी घेत नाहीत, मीही घेतली नव्हती. सॉसात बोट बुडवून टाकाला लावलं. सासूबाईंनी हात जोडले.

मुलगी माझ्याजवळ आली आणि तिनं टाकाला कान लावला. तिचे केस माझ्या हनुवटीला लागत होते. एवढी जवळ ती कधी आली नव्हती.

"काय म्हणती गं?" सासूबाईंनी विचारलं. हे त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं.

"मीठ न्हाय, म्हणती."

मी उठून पातेल्याला बोट लावून चाटलं. मीठ नव्हतं.

मी भुताखेताची बाई नाही. मुलगी सगळा वेळ माझ्या हाताकडे बघत होती, मिठाच्या बरणीला हात गेला नाही हे तिनं पाहिलं असणार. तेव्हाही मी मनाशी हेच म्हटलं, आजही म्हणते. सासूबाई मात्र भिंतीला टेकून बसल्या, आणि माझ्या छातीवरचा टाक सॉसानं कोमट झाला होता, तो मला निवेपर्यंत जाणवत राहिला.

मीठ घालून ढवळलं आणि मुलीला ताट दिलं. तिनं भाकरी मोडली, सॉसात बुडवली. पुन्हा मोडली. ताट निपटून पुसलं आणि मान वर केली. माझ्या गळ्याकडे नाही, तोंडाकडे.

"मावशी, आणखी हाय?"

दुसऱ्या दिवशी सांगवीची आजी आली. नातीला जेवताना बघितलं, चहा घेतला आणि एकटीच परत गेली.

मुलगी आता इंदापुरात नांदते. चीज बारामतीच्या दुकानात मिळतं, बंगल्यावर जावं लागत नाही. सासूबाईही गेल्या, नवरा असल्या गोष्टींत पडत नाही, टाक काढला असता तर विचारणारं कोणी नव्हतं. मी काढला नाही. दर नवमीला सॉस करते. मैदा लाल होऊ देत नाही, मीठ आठवणीनं घालते. तरीही पान वाढून टाकाला बोट लावलं की हात जोडण्याआधी थोडी थांबते. कोणी काही म्हणत नाही. मग भांडी घासायला घेते.