गुरुवारची लांबलेली प्रार्थना

माझी प्रार्थना लवकर संपत नाही, ही आमच्या घरातली जुनी तक्रार आहे. मी डोळे मिटले की नातवंडं ताटातली भजी उचलतात, खातात, आणि मी डोळे उघडायच्या आत हात पुसून साळसूद बसतात. सून म्हणते, "आई, देवालासुद्धा संध्याकाळची कामं असतील हो!" असतील की! पण याला मी जबाबदार नाही. जबाबदार आहे तो लालबागचा एक पोलीस जमादार.

तेव्हा माझं लग्न होऊन वर्षच झालं होतं. आमचे हे पोस्टात कारकून आणि मी म्युनिसिपल शाळेत बाई. चाळीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच, बाकी सगळी कोकणातली गिरणीवाली माणसं. आणि दिवस कसले? संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे! सकाळी दूध आणायला गेलेला माणूस संध्याकाळी कोठडीत सापडायचा. "मुंबई आमची" एवढं कोणी मोठ्यानं म्हणायचा अवकाश, की नाक्यावर शिट्ट्या, लाठ्या, अश्रुधूर! खिडक्या लावून घेतल्या तरी डोळे चुरचुरायचे. शाळेतून येताना मी डोक्यावरून पदर घेऊन भिंतीला घासत घासत यायचे. (पदरानं गोळी अडत नाही, हे मला ठाऊक होतं. पण तेवढाच धीर!)

भीती वाटली की मी प्रार्थना करायचे, आणि भीती तर सारखीच वाटायची. पण मागणं सगळं आपल्यापुरतं. देवा, मला सांभाळ, यांना सांभाळ, आमच्या खिडकीची काच सांभाळ! शेवटी एका रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी मला गाठलंच.

"सुशीलाबाई, दुसऱ्यांसाठी प्रार्थना करता का कधी?"

"करते की! 'सगळ्यांचं भलं कर' म्हणते."

"सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही. एकेकाचं नाव घ्या, अडचण सांगा. रोज ठरलेली वेळ, ठरलेला क्रम. नेटानं करा, म्हणजे सवय लागेल. लागली की मला येऊन सांगा."

मी पडले शिक्षिका. वेळापत्रक म्हटलं की माझ्या अंगात येतं! त्याच संध्याकाळी अख्खा आठवडा लावून टाकला. सोमवार-मंगळवार चाळीतले शेजारी, बुधवारी आजारी, गुरुवारी संकटात सापडलेले, शुक्रवारी नातेवाईक (म्हणजे संकटात टाकणारे), आणि शनिवारी सरकार व पोलीस. हो, सत्तेवरच्यांसाठी प्रार्थना करावी असं शास्त्रातच सांगितलंय, मग ती सत्ता आपल्यावर लाठ्या का चालवेना! वेळ दिवेलागणीची. आणि प्रार्थना करायची ती मोठ्यानं, खणखणीत आवाजात. तोंडातल्या तोंडात पुटपुटलेलं माझ्या वडिलांना चालत नसे, मग देवाला कसं चालावं?

आता घोटाळा असा, की आमच्या आणि शेजारच्या सावंतांच्या मध्ये भिंत होती ती नुसत्या फळ्यांची. आणि आमचं दार उघडत होतं ते थेट गॅलरीत. सोमवारी मी खणखणीत आवाजात म्हटलं, "दयाळू पित्या, कोपऱ्यातल्या परबांची दारू सोडव." मंगळवारी सकाळी नळावर परबीण माझी कळशी बाजूला सारून कमरेवर हात ठेवून उभी!

"काय हो बाई, आमच्या घरातलं तुमच्या देवाला कोणी सांगितलं?"

"अहो, त्याला सगळं ठाऊकच असतं."

"त्याला असेल हो. गॅलरीला नव्हतं ना!"

शनिवारी मी मुख्यमंत्र्यांना दीर्घायुष्य मागितलं, तर दारावर चप्पल येऊन आदळली! पुढच्या शनिवारी मी दीर्घायुष्य काढलं आणि सद्बुद्धी घातली. चप्पल थांबली. पुढेपुढे तर गंमतच झाली. दिवेलागणीला बायका तांदूळ निवडायला म्हणून आमच्याच दाराशी येऊन बसायला लागल्या. कोणी म्हणायची, "बाई, काल माझ्या जावेचा दमा सांगायचा राहिला हो!" परबीणसुद्धा यायला लागली. परबांची दारू काही सुटली नाही, पण ते आमच्या दारावरून जाताना मान खाली घालून जायला लागले. माझ्या सवयीवर मीच खूष! आणि तिथंच माझं चुकलं.

शेजारच्या सावंतकाकूंना एकुलता एक मुलगा, दत्तू. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. मोर्चात पुढे, घोषणेत पुढे, आणि म्हणून पोलिसांच्या नजरेतही पुढे! त्याच्या नावानं वॉरंट निघालं आणि काकूंचा डोळा लागेना. फळ्यांपलीकडून त्यांचे सुस्कारे ऐकू येत. माझा जीव कळवळला. त्या गुरुवारी मी अगदी पोटातून प्रार्थना केली, "प्रभू, या दत्तूला कुठेतरी आसरा दे."

शुक्रवारी सकाळी दार वाजलं. दारात काकू आणि काकूंच्या मागे वळकटी घेतलेला दत्तू!

"बाई, काल तुम्ही देवाकडे आसरो मागलात मां? मगे देवाक कित्याक तरास? तुमचो पोटमाळो रिकामोच आसा. आणि तुमच्याकडे पोलीस कशाक बघतीत?"

नाही म्हणायला तोंड नव्हतं. ते आदल्या संध्याकाळीच वापरून झालं होतं!

दत्तू वर चढला. यांनी मला स्वयंपाकाच्या ओट्यापाशी ओढलं. "सुशीला, मी सरकारी नोकर आहे. नोकरी जाईल. नोकरीचं सोड, मी आत जाईन!"

"मग मी तुमच्यासाठी गुरुवारी प्रार्थना करीन."

"नको! तू माझं नाव घेऊ नकोस! तू ज्याचं नाव घेतेस तो आपल्या पोटमाळ्यावर येतो!"

तो आठवडा कसा गेला ते माझं मला ठाऊक. जिन्यावर कोणाच्या वहाणा वाजल्या की माझ्या हातातली पोळी करपायची. दूधवाल्याची कडी वाजली की मला बेड्या ऐकू यायच्या. दत्तू बिचारा वर गोधड्या आणि ट्रंकांमध्ये आडवा. बसलं तर डोकं आपटायचं, खोकला आला तर उशी तोंडात धरायची. त्याला विरंगुळा एकच, माझी प्रार्थना. मी "आमेन" म्हटलं, यांनी "आमेन" म्हटलं, की वरून हळूच दत्तूचंही "आमेन" यायचं. मला काय समाधान वाटायचं म्हणून सांगू!

आणि पुढचा गुरुवार उजाडला. दिवेलागणीला आम्ही दोघं सतरंजीवर बसलो, बाहेर सुपं सावरून बायका बसल्या, आणि जिन्यावर बूट वाजले. या वेळी खरोखरचे! एक मिशाळ जमादार आणि त्याच्यामागे एक शिपाई सरळ आमच्या दारात.

"झडती आहे."

यांच्या तोंडून कसाबसा आवाज निघाला, "साहेब, आमची... आमची प्रार्थनेची वेळ आहे."

माणूस सभ्य होता हो! त्यानं टोपी काढली. "करून घ्या. देवाच्या कामात मी येत नाही. आमेन झालं की झडती घेतो." आणि बसला कुठे? ट्रंकेवर. बरोब्बर पोटमाळ्याच्या तोंडाखाली!

मी डोळे मिटले. "दयाळू पित्या..." आणि तिथंच अडकले. वार गुरुवार, आणि सवयीनं पहिलं नाव जिभेवर आलं ते दत्तूचं! मी ते गिळलं. परबांची दारू घेतली. जावेचा दमा घेतला. मंगळवारचे शेजारी घेतले, बुधवारचे आजारी घेतले. आमेन म्हटलं की झडती, म्हणजे आमेन म्हणायचंच नाही! मी बोटीनं प्रवास करणाऱ्यांसाठी मागितलं, दर्यात गेलेल्या कोळ्यांसाठी मागितलं. एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर जमादार तसाच बसलेला. मग मी चाळीतली मांजरं घेतली. काळाचौकीपर्यंतची कुत्री घेतली. ट्रामच्या घोड्यांनासुद्धा बळ मागितलं. (घोड्यांच्या ट्राम बंद होऊन जमाना झाला होता!) शिपाई जांभया द्यायला लागला. यांनी डोळे मिटूनच मला कोपरानं ढोसलं आणि कुजबुजले, "मिशनच्या कोंबड्या राहिल्या." मी कोंबड्या घेतल्या.

आज हसू येतं. तेव्हा माझ्या पाठीवरून घामाच्या धारा चालल्या होत्या. डोक्यावर कोवळं पोर, खाली पोलीस, दाराबाहेर त्या पोराची आई, आणि मध्ये फक्त माझी जीभ! ती थांबली की दत्तू गेला, हे मला कळत होतं. आणि ती कोरडी पडत चालली होती. साऱ्या सृष्टीत मागण्यासारखं काही उरेना. सवय फार वाईट. "प्रभू येशूच्या नावानं मागते" एवढं तोंडातून गेलं, आणि त्याच्यामागून तो शब्द आपल्या पायांनी चालत बाहेर आला.

"आमेन."

"आमेन," हे म्हणाले.

आणि वरून स्वच्छ, भक्तिभावानं, "आमेन!"

जमादारानं सावकाश मान वर केली. मग सावकाश माझ्याकडे पाहिलं. "घरात माणसं किती?"

मी तोंड उघडलं. त्यातून खरं निघणार होतं की खोटं, ते मला आजही सांगता येणार नाही. कारण तेवढ्यात दारातून सावंतकाकू ओरडल्या, "आमेन!" मागोमाग परबीण, "आमेन!" मग दम्याच्या जावेची जाऊ, मग तिच्या पलीकडची, मग अख्खी गॅलरी! आमेन, आमेन, आमेन! कोपऱ्यातून दारूनं भिजलेल्या आवाजात परबसुद्धा, "आमेन!" शिपायाची जांभई अर्ध्यातच मिटली. "साहेब," तो घाबरून म्हणाला, "ही सगळी चाळ किरिस्ताव झाली की काय?"

काकू उंबऱ्यात येऊन जमादारासमोर उभ्या राहिल्या.

"खयचो रे तू?"

जमादार खाली बघत म्हणाला, "कुडाळचो."

"मगे गावाक गेल्यावर आवशीक काय सांगतलंस?"

आईचं नाव निघताच जमादार उठला. त्यानं टोपी घातली आणि माझ्याकडे वळला. "बाई, एवढ्यांसाठी मागितलंत. मांजरांसाठी मागितलंत. पोलिसांसाठी काहीच नाही?"

"पोलिसांचा वार शनिवार," मी म्हणाले. (शिक्षिकेचं तोंड! मरताना पण वेळापत्रक सोडणार नाही.)

"मग शनिवारी येतो. तोवर घर झाडून घ्या. पोटमाळ्यावर धूळ फार झालीय तुमच्या."

बूट जिना उतरून गेले तेव्हा काकू मटकन खाली बसल्या आणि माझ्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडले. हे तर रडतच होते.

दत्तू पहाटे खाली उतरला. काकूंचे कोणी ओळखीचे कफ परेडला मच्छीमारांच्या वस्तीत होते, तिकडे निघाला. जाताना माझ्या पाया पडला. "बाई, चुकलो. तोंडातून आपोआप गेलं." मग जरा घुटमळून म्हणाला, "पण बाई, गुरुवार असून काल माझं नाव का नाही घेतलंत? मी वर वाट बघत होतो."



शनिवारी जमादार खरंच आला. साध्या कपड्यात, एकटा. त्याच ट्रंकेवर बसला आणि वर मान केली नाही. मी पोलिसांसाठी प्रार्थना केली. त्यांचे हातपाय धड ठेव म्हटलं, डोळे धड ठेव म्हटलं. (कानांचं नाव मुद्दामच घेतलं नाही.) सगळं मागून झालं, पण शेवट काही करवेना. मी आपली परत मांजरांवर गेले, मग कुत्र्यांवर. शेवटी जमादारच उठला. "राहू द्या बाई, मी म्हणतो. आमेन!" आणि गेला. दत्तू काही शेवटपर्यंत पोलिसांना सापडला नाही. महाराष्ट्र झाला तेव्हा पेढे घेऊन आला आणि आल्या आल्या पोटमाळ्याला हात जोडले त्यानं!

जमादार येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, पाळकसाहेबांनी विचारलं, "काय सुशीलाबाई, दुसऱ्यांसाठी प्रार्थनेची सवय लागली का?"

"लागली की, पाळकसाहेब! चाळीला लागली, परबांना लागली, पोलिसांनासुद्धा लागली."

"आणि तुम्हाला?"

"मलाही लागली. फक्त शेवटचा शब्द तेवढा तोंडातून निघत नाही."

तो आजही निघत नाही. भजी गार होतात, सून घड्याळाकडे बघते, मी कोंबड्यांपर्यंत येऊन पोचते. शेवटी एखादं नातवंड तोंडातला घास गिळून "आमेन" म्हणतं, आणि मी दचकून दाराकडे बघते.