उताणं पडलेलं पिल्लू

बाळ्याचं वय बावन्न, डोक्यावरचे केस कधीच रजा घेऊन गेलेले, तरी थोरल्या बहिणीच्या तोंडी तो बाळ्याच. डेंटल लॅबमध्ये तो कवळ्या बनवायचा. मेणाच्या हिरडीत एकेक दात असा बसवायचा की लॅबच्या मालकीणबाई म्हणायच्या, "काका, तुम्ही मुंगीलासुद्धा कवळी बसवाल."

लग्न काही त्याने केलं नाही. ताईचे यजमान वारले आणि वर्षभरात ती तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या दोन खोल्यांत राहायला आली. दोघं भांडत नसत, पण बोलतही फारसं नसत.

एक दिवस दुभंगलेली कवळी रुमालात गुंडाळून एक निवृत्त शिक्षक लॅबमध्ये आले. जीवशास्त्राचे सर. बाळ्या कवळी सांधत असताना ते त्याच्या बोटांकडेच बघत बसले. मग म्हणाले, "माझ्याकडे टॅरंटुला आहे. तळहाताएवढा केसाळ कोळी असतो ना, तो. मादी आहे, तिला पिल्लं झालीत. बारा तुम्ही न्या. असा हात असलेला माणूस मला शोधून सापडायचा नाही."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपण होऊन त्याला काही देत होतं. नाही म्हणणं जिवावर आलं.

पिल्लं मिरीच्या दाण्याएवढी होती. प्रत्येकाला वेगळी डबी, झाकणाला सुईची भोकं, तळाशी नारळाचा ओलसर भुसा. बाळ्या रातकिड्याचा पाय चिमट्याने आत सोडायचा आणि भिंगातून बघत बसायचा. ताईने पहिल्याच दिवशी बजावलं, "स्वयंपाकघरात आणलंस तर मी घर सोडून जाईन." पण संध्याकाळी तो परतला की दारातूनच विचारायची, "जेवली का तुझी लेकरं?"

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी, कामावर निघायच्या घाईत, त्याला एक पिल्लू उताणं पडलेलं दिसलं. आठही पाय वर. त्याने फुंकर घालून पाहिली, पाय हलला नाही. "गेलं," तो म्हणाला. ताई म्हणाली, "मग फेकून दे, मुंग्या लागतील." त्याने डबी कचऱ्यात उपडी केली आणि पिशवी खाली नेऊन कचऱ्याच्या गाडीत टाकली.

रविवारी दुसरं पिल्लू तसंच दिसलं. आता मात्र त्याने सरांना फोन लावला.

"हात लावू नका!" सर ओरडलेच. "उताणं आहे ना? कात टाकतंय ते. मेलेला कोळी पाय पोटाखाली मुडपून घेतो."

बाळ्याने फोन ठेवला. त्याच्या डोळ्यांदेखत पिल्लाची पाठ उकलली, जुन्या कातडीतून एकेक पाय बाहेर आला, आणि अर्ध्या तासात काचेसारखं फिकट, नवं पिल्लू भुशावर पडून राहिलं. ताई दारातून बघत होती. "अगं बाई," ती म्हणाली, "कपडे बदलतंय की!"

"म्हणजे ते जिवंत होतं, ताई," तो म्हणाला. "मी जिवंत टाकलं."

त्या दिवसापासून त्याने उरलेल्यांना तळहाताच्या फोडासारखं जपायला सुरुवात केली, आणि तिथेच घात झाला. भुसा सुकेल या धास्तीने तो दिवसातून तीनदा पाणी शिंपडायचा. अति तेथे माती! डब्यांत बुरशी धरली आणि आठवड्यात तीन पिल्लं गेली. पाय पोटाखाली मुडपलेले, शंकेला जागाच नव्हती. तरी बाळ्या त्यांना टाकेना. "थांब, नक्की कळू दे," म्हणत डब्या तशाच ठेवायचा. खोलीत कुबट वास भरला. लॅबमध्येही त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका आजीबाईंची वरची कवळी इतकी सैल झाली की बोलताना ती हातात यायची. मालकीणबाई कधी नाही ते आवाज चढवून बोलल्या.

त्या संध्याकाळी ताईचाही बांध फुटला. "कोळ्यांसाठी अन्नपाणी सोडलंस! आणि हे गेले तेव्हा? दुसऱ्या दिवशी आमच्याच घरून डबा घेऊन कामावर गेलास तू. मी खिडकीतून बघत होते. तुझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं."

बाळ्याने चिमटा पुसून डबीशेजारी ठेवला.

"कामावर नाही गेलो," तो म्हणाला. "निघालो होतो. बसस्टॉपवर बसलो, ते अंधार पडेपर्यंत. बसा येत होत्या, जात होत्या. डबा तसाच परत आणला. भाऊजींशिवाय मला मित्र होता का दुसरा?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू रडत होतीस. त्यात मी कुठे भर घालू?"

ताईने पदराने डोळे टिपले. मग तिने चष्मा चढवला, आयुष्यात पहिल्यांदा एक डबी उचलली, बारीक कुंचल्याने आतल्या पिल्लाला हलकेच ढकललं आणि वाट पाहिली. "हे गेलंय, बाळ्या," ती म्हणाली. दुसरं. तिसरं. "हेही गेलंय." त्याने मान हलवली. तिन्ही तिनेच कागदात गुंडाळून खाली नेली.

सरांनी सांगितल्यावर पाणी कमी झालं. तरी पुढे आणखी एक कातडीत अडकून गेलं, एकाचं कारण कळलंच नाही. "बारातली सहा जगली म्हणजे कमाल केलीत," सर म्हणाले. हा हिशेब बाळ्याला कधी पटला नाही. गेलेल्या सहांतलं एक मेलेलं नव्हतंच, ते त्याने जिवंत टाकलं होतं.

वर्ष सरता सरता उरलेली पिल्लं नखाएवढी झाली. सरांच्या मादीने पुन्हा अंडी घातली आणि आणखी पिल्लं हवीत का, हे ते मोठ्या हौसेने विचारायला घरी आले. बाळ्याने हात जोडले. "नको, सर. आहेत ती सांभाळतो."

सर गेल्यावर ताई म्हणाली, "घ्यायची होतीस की. आता मलाही जमतं."

"तुला जमतं गं, मला अजून ‘गेलं’ म्हणवत नाही," बाळ्या म्हणाला, आणि भिंग पुसायला घेतलं.