लताने घेतलेली माझी परीक्षा

समोर पेठ तालुक्यातला आदिवासी मुलगा बसो की पंचवटीतल्या पुरोहितांची मुलगी, लता पगार पहिला प्रश्न एकच विचारायची, "तुझ्यावाचून घरचं कुठलं काम अडतं?" उत्तर आलं की माझ्याकडे वळायची. "बाई, तुम्हाला जमेल हे?" मला जमणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक असायचं.

नाशिकच्या आमच्या करिअर मार्गदर्शन केंद्रात ती माझ्या हाताखाली लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "तुमचा सूड घ्यायला आलेय." मी खो खो हसले. आपल्याला विनोद कळतो, असा माझा तेव्हा समज होता.

मी तिला ओळखलंच नव्हतं; पुढे तिनेच सांगितलं, तेव्हा आठवलं. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास लासलगावहून वडिलांबरोबर आलेली दहावीची मुलगी ती. तिला इंजिनिअर व्हायचं होतं. मी मानसशास्त्राची एम.ए., कडक इस्त्रीची साडी! तिच्यापुढे परदेशी चित्रं मांडली : यात काय कमी आहे? एकात पियानो होता. तिने तो जन्मात पाहिला नव्हता. मीही सिनेमातच पाहिला होता, पण उत्तरं माझ्याकडे होती ना! मी लिहिलं, 'तांत्रिक शिक्षणास अयोग्य.' वडिलांनी ते ब्रह्मवाक्य मानून पोरीला आर्ट्सला घातलं.

आणि मग एका जूनमध्ये देवळ्याची वैशाली आली. तिलाही इंजिनिअरच व्हायचं होतं. चाचणी तीच, निकालही तोच. तिचे वडील म्हणाले, "बाई लिहितील तसं. नायतर स्थळ आलंच हाय." मी सहीसाठी पेन उघडलं. तेवढ्यात त्यांनी माझ्यासाठी आणलेले कांदे लताने टेबलावर ओतले.

"आता बाईंची चाचणी. यातला दिवाळीपर्यंत कुठला टिकेल?"

मी सगळ्यात गुबगुबीत उचलला. वैशालीला हसू आवरेना. "ह्याची मान लय जाड हाय, बाई. ह्योच पयला सडंल." मिनिटभरात तिने कांद्यांचे तीन ढीग लावले. कांदे साठवायच्या चाळीत वारा कुठून खेळायला हवा, तेही कागदावर आखून दाखवलं.

"बाई नापास," लता म्हणाली. "दादा, ह्यांच्या सहीवर पोरीचं ठरवायचं?"

"नाय बा."

लताने नवा कागद माझ्यापुढे सरकवला : 'इंजिनिअरिंगला पाठवावे.' "करा सही." मी केली. रागाने केली, असं मी घरी सांगितलं.

वैशालीला प्रवेश मिळाला. माझ्या निवृत्तीच्या दिवशी मी लताचा हात धरला. "आता तरी माफ केलंस ना गं?"

तिने हात सोडवून घेतला. "नाही बाई. माफ केलं की विसरायला होतं. आणि विसरले, तर उद्या या खुर्चीत बसून मीच एखादीला नापास करीन."

मग व्यासपीठावर जाऊन तिने माझं एवढं कौतुक केलं, की समोरच्या बायकांनी डोळे पुसले. मी नाही पुसले. खरं काय ते तिने मला आधीच सांगितलं होतं.