नकाशावरचा ओला ठिपका

कंपनीत नाश्त्याच्या सुट्टीत कुणी भुताखेताचं सांगायला लागला की सगळ्यात जास्त टिंगल मीच करायचो. "तुझ्या भुताला ओव्हरटाईम मिळतो का रे?" असं विचारायचो. त्यामुळं हे लिहिताना माझी मलाच धाकधूक होतेय. शाळा सातवीतच सुटली, लिहिण्यात चुका असतील... सांभाळून घ्या.

आम्ही हिंगोलीकडचे. सध्या कारेगावात खोली करून राहतो, रांजणगावच्या एका कंपनीत कामाला आहे. त्याआधी कुरकुंभला होतो, दौंड तालुक्यात. तिथंच दोन वर्षांमागं आमचं पहिलं लेकरू गेलं. मुलगी होती. बारशाच्या आधीच तापानं गेली. गावाकडं नेणं शक्यच नव्हतं. शेजारच्या खोलीतले एक मामा सोबत आले म्हणून निभावलं... कंपनीच्या बस थांब्याच्या मागं, नाल्याच्या काठाला तिला ठेवलं. आमच्यात तान्ह्या लेकराला माती दिली की वरून आईचं दूध घालतात. बाया तिथं जात नाहीत. म्हणून संगीतानं, माझ्या बायकोनं, वाटीत दूध काढून दिलं होतं. मी ओतलं. मातीनं लगेच पिऊन टाकलं.

यंदा वडिलांना लकवा मारला आणि गावाकडं कायमचं परत जायचं ठरलं. संगीता म्हणाली, "तिला एकटीला इकडं टाकून कशी येऊ? तिच्या जागेवरची मूठभर माती तरी आणा." दुसरं काहीच मागितलं नाही तिनं.

मी कुरकुंभला गेलो. आता आम्ही बाहेरची माणसं — सगळं कंपनीच्या थांब्यावरून ओळखणार. शिवाराचं नाव, मळ्याचं नाव, काही ठाऊक नसतं. थांब्याचा बोर्ड दिसला, मागं गेलो, तर नालाच नाही! चहावाला म्हणाला, "अवो पाव्हणं, रस्ता रुंद केला तवाच थांबा हलवला. आधी कुठं व्हता त्ये आता कोण सांगणार?" अंदाजानं एका जागेची माती आणली. संगीतानं हातात घेतली, वास घेतला आणि दाराबाहेर टाकून दिली.

"ही न्हाई."

सुट्टीच्या दिवशी मी शिरूरच्या एका सार्वजनिक वाचनालयात पेपर वाचायला जातो. तिथल्या मॅडमना सहज बोललो. त्या म्हणाल्या, "थांबा हलला असेल हो, नाला जुन्या नकाशात असेलच. आपल्याकडं दौंडचेही आहेत." माझ्यासारख्या माणसासाठी त्यांनी लोखंडी कपाट उघडलं, कापडावर चिकटवलेले नकाशे एकेक करून टेबलावर पसरले. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. मला तर त्यातलं ओ का ठो कळेना. नुसत्या रेघा आणि नंबर. त्यांनीच दाखवलं... ही गावाची हद्द, ही विहीर, ही वाकडी रेघ म्हणजे नाला. मी त्या रेघेवरून बोट फिरवत गेलो, आणि एका वळणावर बोट ओलं झालं.

एप्रिलची दुपार. वर पंखा. नकाशाच्या टेबलावर मॅडम पाण्याची बाटलीसुद्धा ठेवू देत नाहीत.

"घाम असेल तुमचा," म्हणत त्यांनी टिपकागदानं टिपलं. आम्ही बघत होतो — तेवढाच ठिपका परत ओला झाला. पसरत नव्हता, वाळतही नव्हता. मॅडमनी बोट लावून वास घेतला. मग माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "तुमच्या घरी लहान बाळ आहे का?"

मीही बोट नाकाशी नेलं. तो वास मला माहीत होता. ती वाटी मीच नेली होती ना...

मॅडमनी विहीर आणि वळण धरून मोबाईलच्या नकाशात जागा काढून दिली. पुढच्या सुट्टीला संगीताला घेऊन गेलो. विहीर तिथंच होती, बुजवलेली. वळणही कळत होतं. पण नाला पाईपात घातलेला आणि वर सगळीकडं काँक्रीट. ट्रेलर लावायचं यार्ड. मूठभर काय, चिमूटभर माती उघडी नव्हती.

वॉचमन धावत आला. "भैया, यहाँ खड़ा होना मना है." मी कसंबसं सांगितलं. त्यानं संगीताकडं बघितलं. म्हणाला, "खोदने तो नहीं दे सकता, भाभी. थोड़ी देर बैठ लो." आणि मागं घेत असलेला ट्रेलर त्यानं हात करून थांबवला. संगीता तापलेल्या काँक्रीटवर तळवा टेकून बसली. उठली तेव्हा हात पोळलेला.

परत येताना बसमध्ये मी नकाशावरच्या ओलीचं सांगितलं. वाटलं, धीर येईल तिला. ती म्हणाली, "ओलं हाय? म्हंजी अजून भुकेली हाय का ती?"

तेव्हापासून हा एकच प्रश्न. "वाळलं का? इचारा ना." मी मॅडमना फोन करायचो. त्या नकाशा बघून म्हणायच्या, "आहे अजून, दादा." मॅडम शिकलेल्या आहेत. कागद, कापड, चिकटवायची खळ, सगळं तपासून झालं म्हणाल्या, कारण सापडत नाही.

परवा सामान बांधताना संगीतानं पुन्हा विचारलं. मी फोन लावला, तेच "आहे अजून" ऐकलं, ठेवला. आणि म्हणालो, "वाळलं. पार कोरडं झालं म्हणे."

तिनं हातातली दोरी खाली ठेवली. मग पदर बाजूला केला. दोन वर्षं झाली, लेकरू नाही, काही नाही — आणि ब्लाउज पुढून ओला.

"मंग माझं काहून वाळंना?"

उद्या आमची गाडी आहे. तिला काय सांगायचं, तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर लिहा... मी वाचीन.